गळ ओळखायचा कसा: टोक, दांडी, बाक आणि नंबर

पाकिटावरचं नाव आणि नंबर नंतर वाचा. आधी गळ चिमटीत धरा आणि एकच गोष्ट पाहा: दोरीला ओढ बसली की टोक कुठे जाणार? काही गळांचं टोक दांडीला समांतर, सरळ नेढ्याकडे (दोरी बांधायच्या छिद्राकडे) पाहतं. काहींचं टोक आत वळून दांडीवरच रोखलेलं असतं. काहींचं किंचित बाहेर झुकलेलं असतं. मासा कुठे अडकेल, झटका द्यायचा की नाही, आमिष किती लावायचं आणि मासा सोडताना त्याला किती इजा होईल, हे बरंचसं या एका दिशेवर ठरतं. नावं शेकडो आहेत. ती पाठ करण्यापेक्षा आकार वाचायला शिकलं की नवा गळ हातात आला तरी तो कशासाठी आहे ते कळतं.

गळाचे भाग

दोरी बांधायचं छिद्र म्हणजे नेढं, सुईला असतं तसंच. नेढ्यापासून खाली येते ती दांडी. दांडी जिथे वळते तो बाक. बाकाच्या शेवटी टोक, आणि टोकाच्या जरा मागे उलटा काटा, जो आत गेलेला गळ मागे सरकू देत नाही. टोक आणि दांडी यांच्यामधली मोकळी जागा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. माशाचा ओठ किंवा जबडा याच जागेत बसायचा असतो. ही जागा आमिषाने भरून गेली तर गळ कितीही धारदार असला तरी मासा लागत नाही, कारण टोकाला आत शिरायला वावच उरत नाही.

दांडी लांब असली की गळ काढायला सोपा जातो आणि दातेरी माशाच्या दातांपासून दोरी थोडी लांब राहते. पण लांब दांडी म्हणजे लांब तरफ. मासा डोकं झटकतो तेव्हा हीच दांडी गळ हलवून हलवून भोक मोठं करते. आखूड दांडी आमिषात लपते आणि पकडही घट्ट ठेवते, मात्र माशाने गिळली तर काढताना त्रास होतो.

नेढं सरळ असतं, टोकाकडे झुकलेलं असतं किंवा टोकापासून मागे झुकलेलं असतं. सरळ नेढ्याला कोणतीही गाठ चालते. झुकलेल्या नेढ्याचा खरा फायदा दोरी दांडीवर गुंडाळून बांधली तरच मिळतो, कारण तेव्हा ओढ दांडीच्या रेषेत बसते. काही गळांना नेढंच नसतं, दांडीचं टोक चपटं ठोकलेलं असतं. त्यांना फक्त गुंडाळलेली गाठच लागते.

नंबर उलटा चालतो, मग सुलटा

नवशिक्यांची सगळ्यात जास्त गफलत इथे होते. लहान गळांच्या नंबरात आकडा मोठा तितका गळ छोटा. २० नंबर चिमुकला, १० नंबर त्याहून मोठा, ४ आणखी मोठा, २ आणि १ त्याहून मोठे. १ नंतर मोजणी फिरते आणि आकड्यापुढे तिरकी रेघ व शून्य येतं: १/०, २/०, ३/०. इथून पुढे आकडा वाढेल तसा गळ वाढतो. म्हणजे ४ आणि ४/० यांत फक्त एका शून्याचा फरक दिसतो, पण एक बोटाच्या पेराएवढा तर दुसरा त्याहून बराच मोठा.

हे नंबर सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. एकाचा २/० दुसऱ्याच्या १/० एवढा भरू शकतो, आणि सर्कल हुकचा (टोक आत वळलेल्या गळाचा) नंबर साध्या गळाच्या नंबराशी जुळेलच असं नाही. म्हणून नंबरावर विसंबून मागवण्याऐवजी टोक ते दांडी हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा. तीच तुमची खरी मोजपट्टी.

पाकिटावर कधी २एक्स स्ट्राँग, ३एक्स लाँग असंही छापलेलं असतं. स्ट्राँग म्हणजे तार जाड: २एक्स स्ट्राँगची तार दोन नंबर मोठ्या गळाच्या तारेएवढी. लाँग म्हणजे दांडी तितक्या नंबर मोठ्या गळाएवढी लांब. तार जाड घेतली म्हणजे चांगलाच गळ, हा समज चुकीचा आहे. जाड तार आत रुतवायला जास्त जोर लागतो. बारीक दोरी आणि मऊ रॉडवर तो जोर मिळत नाही, मग टोक नुसतं टेकून राहतं आणि मासा दोन उड्यांत सुटतो. उलट जाड दोरी आणि घट्ट ड्रॅगवर (रीलच्या ब्रेकवर) बारीक तारेचा गळ सरळ होतो. दोरी, रॉड आणि तार या तिघांची जोडी जमली पाहिजे.

साधा जे गळ आणि त्याची भावंडं

इंग्रजी जे अक्षरासारखा दिसतो म्हणून नाव जे हुक. टोक नेढ्याकडे समांतर पाहतं. मासा आमिष तोंडात घेतो, तुम्ही झटका देता आणि टोक जिथे असेल तिथे रुततं. ही त्याची ताकद आणि हाच दोष. झटका उशिरा पडला तर ते जिथे असेल ते ठिकाण माशाचा घसा किंवा पोट असतं. म्हणून जे गळ लावला की रॉड हातात हवी आणि लक्ष दोरीवर हवं.

याच घराण्यात अ‍ॅबर्डीन येतो: बारीक तार, गोल बाक, लांब दांडी. छोटा जिवंत मासा किंवा कोळंबी लावायला हा उत्तम, कारण बारीक तारेने आमिषाला छोटंच भोक पडतं आणि ते जास्त वेळ जिवंत राहतं. पाण्यातल्या फांदीत अडकला तर सावकाश ओढल्यावर हा गळ उघडतो आणि दोरी वाचते. पुन्हा आकारात वाकवून एकदा वापरता येतो, दुसऱ्यांदा नको. तार तिथेच थकलेली असते.

ओशॉनेसी याच्या बरोबर उलट. तार जाड, बाकाच्या दोन्ही बाजू दाबून चपट्या केलेल्या. बोटांत फिरवून पाहिलं तर दांडी गोल लागते आणि बाक सपाट लागतो. या दाबण्यामुळे बाक उघडायला फार जोर लागतो. खारं पाणी, मोठे मासे, खडकाळ तळ यांसाठी हा गळ.

बेटहोल्डरच्या दांडीवर दोन-तीन छोटे काटे काढलेले असतात. गांडूळ किंवा मऊ मांसाचा तुकडा खाली घसरून बाकात गोळा होऊ नये म्हणून ते असतात. आमिष वर ओढून त्या काट्यांवर नीट बसवलं नाही तर या गळाचा काही उपयोग नाही.

ऑक्टोपस हे नाव फसवं आहे, त्याचा अष्टपादाशी संबंध नाही. आखूड दांडी, गोल बाक, मागे झुकलेलं नेढं. कापलेल्या माशाचा तुकडा, पिठाची गोळी, छोटं जिवंत आमिष, सगळ्याला चालतो. कोणता एकच गळ ठेवायचा असं विचारलं तर बऱ्याच वेळा उत्तर हेच.

सर्कल हुक, आणि हात आवरण्याची गोष्ट

सर्कल हुकचं टोक दांडीकडे जवळजवळ काटकोनात वळलेलं असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा रुतणार कसा? तो झटक्याने रुततच नाही. मासा आमिष गिळून वळतो आणि पोहू लागतो. दोरी ताणली की गळ घशातून बाहेर सरकू लागतो. टोक आत वळलेलं असल्याने वाटेत कुठे बोचत नाही. जबड्याच्या कोपऱ्याशी आल्यावर दांडी तोंडाबाहेर पडते, गळ फिरतो आणि टोक कोपऱ्याच्या कडेभोवती वळून आत घुसतं.

हे पाहायचं असेल तर जाड स्पंजचा तुकडा मधोमध दुमडा आणि घडीत गळ ठेवून दोरी हळू ओढा. हात टोकापासून लांब ठेवा. जे गळ घडीच्या आत, जिथे असेल तिथेच रुततो. सर्कल हुक घडीच्या कडेपर्यंत घसरत येतो आणि कडेवर वळून अडकतो. आता तोच सर्कल हुक जोरात हिसका देऊन ओढा. वळायला वेळ न मिळाल्याने तो बऱ्याचदा सुळकन बाहेर येतो. माशाच्या तोंडात नेमकं हेच होतं, आणि सर्कल हुकने मासे लागत नाहीत अशा तक्रारीमागे बहुधा हेच कारण असतं.

म्हणून वापरण्याची पद्धत वेगळी. ओढ लागली की काही करू नका. दोरी सलग जाऊ लागली आणि रॉडचं टोक वाकून वाकलेलंच राहिलं की रील सावकाश, न थांबता फिरवा. रॉड उचलायची असेल तर ती शेवटी, मासा लागल्याचं वजन जाणवल्यावर. रॉड स्टँडमध्ये ठेवून मासेमारी करणाऱ्यांना हा गळ म्हणूनच सोयीचा. टोक मऊ असलेली रॉड याच्याशी जास्त जमते.

आमिष लावताना मोकळी जागा किमान अर्धी तरी रिकामी हवी. मोठा तुकडा असेल तर तो एका कडेला, फक्त कातडीतून एकदाच टोचा, म्हणजे टोक पूर्ण बाहेर राहील. साध्या गळापेक्षा एक-दोन नंबर मोठा सर्कल हुक घेतला तर चालतो, कारण वळलेल्या टोकामुळे प्रत्यक्षातली मोकळी जागा कमी असते.

पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे लोक शंख-शिंपले आणि हाडांपासून आत वळलेले गळ फार पूर्वीपासून करत आले आहेत. ओकिनावातल्या साकितारी गुहेत शंखाच्या कवचापासून घासून केलेले गळ सापडले, ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे. आजचा सर्कल हुक पोलादाचा असला तरी आत वळलेल्या टोकाची कल्पना जुनीच आहे. सोडून द्यायच्या माशांसाठी हा गळ अनेक ठिकाणी सक्तीचा आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या बिलफिश (मार्लिनसारखे लांब चोचीचे मासे) स्पर्धांत नैसर्गिक आमिष वापरताना २००८ पासून टोक न झुकवलेलाच सर्कल हुक लागतो.

टोक न झुकवलेला, हे शब्द नीट वाचा. गळ सपाट टेबलावर आडवा ठेवा. तो पूर्ण टेकला तर टोक आणि दांडी एकाच पातळीत आहेत. डुगडुगला तर टोक एका बाजूला झुकवलेलं आहे, त्याला ऑफसेट म्हणतात. जे गळात थोडं झुकलेलं टोक लवकर पकडतं. सर्कल हुकात मात्र तेच टोक घशात बोचू लागतं आणि गळाचा मूळ हेतूच हरवतो. मासे सोडायचे असतील तर डुगडुगणारा सर्कल हुक घेऊ नका.

वर्म हुक, जिग आणि ट्रेबल

ऑफसेट हा शब्द आणखी एका गळासाठी वापरतात आणि तिथे त्याचा अर्थ निराळा. रबरी आमिषाच्या वर्म हुकमध्ये नेढ्याच्या जरा खाली दांडीला दोन काटकोनी मुरड असते. तिला ऑफसेट म्हणतात. टोक झुकलेलं असण्याशी तिचा संबंध नाही.

या गळावर रबरी अळी अशी बसवा. टोक अळीच्या नाकात मधोमध ५-६ मिलिमीटर खुपसून बाजूने बाहेर काढा. गळ त्यातून सरकवत नेढ्यापर्यंत न्या, म्हणजे नाक त्या मुरडीवर अडकेल. गळ अर्धा फिरवा, टोक अळीकडे येईल. आता अळी सरळ लोंबू द्या आणि बाक कुठे येतो ते पाहून तिथे नखाने खूण करा. अळी किंचित वर दाबून टोक त्याच खुणेतून आरपार घाला आणि वरच्या कातडीत जेमतेम लपवा. सोडल्यावर अळी काडीसारखी सरळ दिसली पाहिजे. मधे फुगली किंवा वाकली असेल तर खूण चुकली. अशी अळी ओढताना गरगरते आणि दोरीला पीळ पडतो. टोक झाकलेलं असल्याने गवतात, शेवाळात हा गळ अडकत नाही, पण माशाला लावताना टोकाला आधी रबर फाडावं लागतं, म्हणून इथे झटका चांगला जोरात हवा. जाड अळीला रुंद मोकळ्या जागेचा वर्म हुक घ्या, नाहीतर दबलेलं रबरच ती जागा भरून टाकतं.

जिग हुकचं नेढं दांडीला ६० किंवा ९० अंशांत वाकवलेलं असतं आणि त्या वळणावर शिशाचं डोकं ओतलेलं असतं. ओढताना टोक वर राहतं, त्यामुळे तळाला घासतानाही कमी अडकतं.

ट्रेबल म्हणजे तीन टोकं एकाच दांडीवर, मुख्यतः लूरवर, म्हणजे नकली आमिषावर. पकड लवकर बसते, पण मासा सोडायचा असेल तर तीन टोकं काढण्यात वेळ जातो, आणि तडफडणाऱ्या माशासोबत उरलेली दोन तुमच्या हाताची वाट पाहत असतात. लूरवरचं ट्रेबल काढून सिवॉशसारखा एकेरी गळ लावता येतो.  वजन कमी झाल्याने लूरची चाल बदलते, म्हणून आधी काठाजवळ ओढून पाहा. कलंडत असेल तर गळ एक नंबर मोठा लावा.

गुंडाळून बांधायची गाठ

झुकलेल्या नेढ्याच्या ऑक्टोपस आणि सर्कल हुकसाठी ही गाठ शिकून घ्याच. दोरी तंगूस (नायलॉनची एकसंध दोरी) असो की विणलेली, नेढ्यात टोकाच्या बाजूने घाला आणि १५-२० सेंटिमीटर बाहेर काढा. ती दांडीला लागून खाली न्या, मग वळवून नेढ्याकडे आणा, म्हणजे एक मोठा फास तयार होईल. दोरीचं मोकळं टोक दांडीभोवती आणि त्या फासातून ६-७ वेळा फिरवा. वेढे शेजारी शेजारी बसले पाहिजेत, एकावर एक नकोत. थुंकी किंवा पाण्याने ओलं करा आणि आधी मोकळं टोक, मग मुख्य दोरी ओढून घट्ट करा. कोरडी ओढली तर घर्षणाने तंगूस तिथेच कमजोर होतं.

दोरी उलट बाजूने घातली तर ओढ बसल्यावर गळ टोकाच्या दिशेला न झुकता मागे फिरतो. बांधून झाल्यावर गळ हवेत लोंबकळत धरून दोरी ताणा. टोक पुढे झुकलं तर बरोबर, मागे गेलं तर सोडून पुन्हा बांधा.

धार, काटा आणि गंज

धार पाहायची तर टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवून ओढा. नख खरवडलं तर धार आहे, घसरलं तर नाही. खडकाला एकदा घासलेला गळ लगेच तपासा. टोक नुसतं बोथट असेल तर बारीक कानशीने दोन-तीन बाजूंनी, एकाच दिशेने, हलके तीन-चार हात द्या. टोक वाकलं असेल तर फेकून द्या. सरळ केलेलं टोक पुढच्या वेळी मोडतं. कानस लावलेल्या जागेवरचा लेप निघून जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून असा गळ त्या दिवसापुरता.

उलटा काटा नको असेल तर पक्कडीने दाबून बसवा. पक्कड टोकाच्या रेषेत धरा, आडवी नको, आणि एकदम चिरडू नका. कडक पोलादात काट्याच्या मुळाशी बारीक तडा जातो आणि पुढच्या मोठ्या माशाला टोक तिथून तुटतं. दाबल्यावर कापसावर ओढून पाहा. धागे अडकत नसतील तर काटा बसला. बिनकाट्याच्या गळाने मासे जास्त सुटतात ही भीती दोरी ढिली सोडणाऱ्यांना खरी वाटते. ताण कायम ठेवला तर फरक फार थोडा पडतो.

कार्बन पोलादाचे गळ जास्त धार घेतात पण गंजतात. स्टेनलेस गंजायला फार वेळ घेतो. त्यामुळे माशाच्या पोटात राहू शकणाऱ्या गळासाठी स्टेनलेस वाईट. मासे सोडायचे असतील तर साधं कार्बन पोलाद घ्या. खाऱ्या पाण्यातून आलेला गळ गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि तोवर कोऱ्या गळांच्या डबीत टाकू नका. एका ओल्या गळाच्या मिठाने आख्खी डबी तांबूस होते.

परत आलेला गळ काय सांगतो

गळ सरळ झाला असेल तर तार बारीक किंवा ड्रॅग फार घट्ट. दोन्ही एकदम बदलू नका. आधी ड्रॅग सैल करा.

आमिष गायब, गळ कोरा: गळ माशाच्या तोंडापेक्षा मोठा आहे, किंवा आमिष टोकाबाहेर फार लोंबतंय आणि मासा तेवढंच तोडून नेतोय. गळ दोन नंबर लहान करा आणि तुकडा आखूड कापा.

मासा लागतो आणि अर्ध्या वाटेत सुटतो: टोक पूर्ण रुतलेलं नाही. धार तपासा, मग तार फार जाड आहे का पाहा.

मासे सतत गिळतायत: झटका उशिरा पडतोय किंवा गळ फार लहान आहे. सर्कल हुककडे वळा. खोल गिळलेला गळ सोडायच्या माशाच्या घशातून उपसू नका. दोरी नेढ्याला लागून कापा आणि मासा पाण्यात जाऊ द्या. उपसण्याने होणारी जखम आत राहिलेल्या गळापेक्षा बहुतेकदा जास्त घातक असते.

गळ स्वतःच्या बोटात काट्यासकट गेला तर आधी दोरी कापा, म्हणजे मासा किंवा लूर हिसका देणार नाही. डोळा, मान, चेहरा किंवा सांध्याजवळ गेला असेल तर हात लावू नका, तो हलणार नाही असं बांधून डॉक्टरकडे जा. जखम कितीही लहान असली तरी धनुर्वाताची लस घेतलेली आहे का ते तपासून घ्या.